सव्वातीन

२०२५ च्या जुलै महिन्यात रूडकीच्या आयआयटीतून एक वार्ता आली. मोडी हस्तलिखितांच्या छायाचित्रांवरून देवनागरी पाठ तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली तेथील संशोधकांनी सिद्ध केली होती. तिच्या शिक्षणासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा तिन्ही कालखंडांतील दोन हजारांहून अधिक प्रतिमा तज्ज्ञांकडून वाचून घेतल्या होत्या. आपल्यापैकी अनेकांनी ती वार्ता आनंदाने वाचली असेल. मीही वाचली, परंतु माझे लक्ष अक्षरांवर नव्हते. त्या दिवसांत भिलाईतील आमच्या घरी मेजावर आजोबांची मोडी वही उघडी होती, आणि मी अडलो होतो तो अक्षरांपाशी नव्हे, आकड्यांच्या मागे उभ्या असलेल्या काही रेघांपाशी.

वही वैनगंगेकाठच्या एका गावातली, भंडारा जिल्ह्यातली. शके १८६०, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९३८-३९. आजोबांचे धान्याचे छोटे दुकान होते आणि त्याला जोडून, त्या काळी असे तसे, देवघेवही होती. माझ्या वडिलांनी ते दुकान कधी सांभाळले नाही. विशीत घर सोडले, नागपुरास राहून शिकले आणि १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. दुकान का सोडले हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही. ते गेल्यानंतर वहीच्या एका पानात त्यांच्या हातची चिठ्ठी सापडली. बाळबोध अक्षर, शाळकरी वळणाचे. मजकूर एवढाच: ‘३। ऐवजी ३९ लावले. ३५॥। जादा.’ आणि पुढे प्रश्नचिन्ह.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी ही लेखनपद्धती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. आकड्यानंतरची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणून ३। हे सव्वातीन आणि ३५॥। हे पावणेछत्तीस. पावाहून लहान भाग दाखवायचा तर आडव्या-तिरप्या रेघा येतात. त्यांतील प्रत्येक रेघ सोळाव्या भागाची. रुपयाचे सोळा आणे, म्हणून तिरपी रेघ एक आणा आणि उभी रेघ चार आणे. सात आणे लिहायचे तर एक उभी, तीन तिरप्या. पंधरा आणे म्हणजे तीन उभ्या, तीन तिरप्या. कोणतीही रेघ तीनपेक्षा अधिक वेळा येत नाही, कारण चौथी आली की वरची पायरी चढते. डोळ्याला मोजावे लागत नाही, दिसताक्षणी कळते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, औटकी हे पाढे ज्यांना मुखोद्गत होते त्यांच्या दृष्टीने हे चारच्या पायाचे गणित दशांशापेक्षा काही कठीण नव्हते. उलट बाजारात उभ्याने हिशेब करायला अधिक सोयीचे होते.

चिठ्ठीचा अर्थ उघड होता. एका कुळाच्या नावे सव्वातीन रुपये मांडायचे, तेथे आजोबांनी बेरजेत एकोणचाळीस धरले होते. पावणेछत्तीस रुपये अधिक. त्या काळी ही रक्कम लहान नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने बापाची वही तपासावी, त्यात असे काही सापडावे, आणि त्याने ते कोणालाही न विचारता उराशी बाळगून गाव सोडावे, हे चित्र माझ्या मनातून जाईना. वडील अतिशय सरळ मार्गाचे होते. किराणा दुकानदाराने सुटे पैसे जास्त दिले तर उन्हातून परत जात. त्या सरळपणाचे मूळ या पानात असेल, असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते.

ती वही संगणकावर उतरवावी असे ठरले ते माझ्या पुतणीमुळे. ती सांख्यिकी शिकते. मी मोडी वाचायचे, तिने तक्त्यात भरायचे. पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. मी ‘सव्वातीन’ म्हटले की ती कळफलकावरील दंड वापरून ३। असे लिही, आणि बेरीज मागितली की सव्वातीनचे तीन होत, साडेसातचे सात. अकरा पानांच्या बेरजांपैकी एकही जुळेना. ती म्हणाली, “काका, संगणक याला पूर्णविराम समजतोय. बेरजेआधी विरामचिन्हे गाळून टाकतो तो.”

तिचे निदान अचूक होते. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. पण केवळ क्रमांक नसतो, त्या चिन्हाचे काही गुणधर्मही नोंदलेले असतात. हे अक्षर आहे, हा अंक आहे, हे विरामचिन्ह आहे. अंक असल्यास त्याचे मूल्य अमुक. श्लोकाच्या शेवटी येणारा दंड आणि हिशेबातील पाव या दोन रेघा कागदावर सारख्याच दिसतात. परंतु देवनागरी दंडाची नोंद विरामचिन्ह अशी आहे आणि त्याला संख्यामूल्य नाही. आमच्या कळफलकावर दुसरी रेघच नव्हती, म्हणून आजोबांचे सारे पाव, अर्धे आणि पाऊण श्लोकान्ती विसावले.

दुसरी रेघ अस्तित्वात होती, फक्त आम्हांस ठाऊक नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत उत्तर भारतीय संख्याचिन्हांचा एक लहानसा गट दाखल झाला. अवघी दहा चिन्हे. मिशिगन विद्यापीठात असलेल्या अंशुमन पांडे यांनी जुन्या हिशेबवह्यांच्या आधारे त्यांचा प्रस्ताव मांडला होता. मोडी लिपीचाही प्रस्ताव त्यांचाच. ती २०१४ साली, ७.० या आवृत्तीत आली. म्हणजे मोडीची अक्षरे संगणकात पोहोचण्याच्या पाच वर्षे आधी तिच्या वह्यांतील पाव-आणे पोहोचले होते. हिशेब आधी आणि साहित्य मागाहून, हा क्रम मानवी इतिहासाला नवा नाही.

या दहांपैकी पहिली सहा चिन्हे पाव, अर्धा, पाऊण, एक षोडशांश, एक अष्टमांश आणि तीन षोडशांश अशी आहेत, आणि त्यांच्या गुणधर्मांत खरोखर अपूर्णांकाचे मूल्य नोंदलेले आहे. येथे एक निर्णय लक्षात घेण्यासारखा आहे. त्या तिरप्या रेघेला ‘आणा’ हे नाव दिलेले नाही, ‘सोळावा भाग’ असे दिले आहे. कारण तीच रेघ रुपयाचा सोळावा भाग दाखवते तशी शेराचा सोळावा भाग, म्हणजे छटाकही दाखवते. चिन्ह प्रमाण सांगते. कशाचे प्रमाण, ते सांगत नाही.

हे वाचताना मला जुन्या मेसोपोटेमियातील कीलाकार लिपीची आठवण झाली, कारण हाच पेच तेथे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मृत्तिकाफलकांवर पडलेला आहे. कीलाकार चिन्हे युनिकोडमध्ये २००६ साली आली आणि त्यांतील अंकांना वेगळा गट मिळाला. त्या गटाची सुरुवात एकाने होत नाही, दोनाने होते. आडव्या आणि उभ्या पाचरीचा साधा एक त्यात नाही, कारण ती एकेरी पाचर अक्षरचिन्ह म्हणूनही वापरली जाई आणि त्या नात्याने ती आधीच मुख्य गटात बसली होती. संगणकाच्या दृष्टीने तेथे दोन हा अंक आहे आणि एक हे अक्षर. याच गटात दोन लाख सोळा हजार, म्हणजे साठाचा घन, एवढे मूल्य असलेले चिन्हही आहे. त्या लोकांचा पाया साठाचा होता. एकोणसाठपर्यंत पाचरी जोडत जायचे आणि साठ झाले की पुन्हा एकच पाचर, वरच्या स्थानी. स्थान ओळखायचे काम वाचणाऱ्याचे. येल विद्यापीठाच्या संग्रहातील एका प्रसिद्ध फलकावर चौरसाच्या कर्णासाठी एक, चोवीस, एक्कावन्न, दहा असे साठांश कोरले आहेत; त्यांतून दोनाचे वर्गमूळ दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर मिळते. पण एकानंतर पूर्णांक संपतो आणि पुढे साठांश सुरू होतात, हे सांगणारे कोणतेही चिन्ह फलकावर नाही.

याहून जुने, उरुक नगरातले फलक अधिक अवघड आहेत. आजच्या इराकच्या दक्षिण भागातील हे नगर. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० च्या आसपास तेथील कारकून ओल्या मातीत बोरूच्या गोल टोकाने लांबट आणि वाटोळे ठसे उमटवून धान्य, मेंढ्या, जमीन यांच्या नोंदी ठेवत. लांबट ठसा एक, छोटा वाटोळा ठसा दहा, असे विद्वान कित्येक दशके समजून चालले. मेंढ्यांचे हिशेब जुळत. धान्याचे जुळत नसत. बेरीज फलकाच्या मागच्या बाजूला स्वच्छ दिलेली असे आणि पुढच्या नोंदी मिळवल्या तर ती येत नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील गणिताचे प्राध्यापक यॉरन फ्रीबर्ग यांनी हे कोडे सोडवले: धान्याच्या मापात तोच वाटोळा ठसा दहाचा नसून सहाचा आहे. जमिनीच्या मापात तर तो अठराचा निघाला. पुढे बर्लिनमध्ये हान्स निस्सेन, पेटर डामेरो आणि रॉबर्ट एंगलंड यांनी संगणकाच्या साहाय्याने हे सारे फलक तपासून डझनभर वेगवेगळ्या मोजणी-पद्धती वेगळ्या काढल्या. त्यांनी चिन्हांना मूल्यावरून नावे दिली नाहीत, नुसते अनुक्रमांक दिले. वाटोळा ठसा म्हणजे ‘एन-१४’, एवढेच. दहा, सहा की अठरा, ते मोजली जाणारी वस्तू ठरवील. हे मला शास्त्रीय विनयाचे उत्तम उदाहरण वाटते.

तर आम्ही दंड काढून टाकले आणि नवी चिन्हे घातली. पुतणीने अंकामागचा अपूर्णांक अंकात मिळवणाऱ्या चार ओळी लिहिल्या. कारण तीन आणि पाव शेजारी आले म्हणजे ते सव्वातीन होतात, हेही संगणकाला सांगावेच लागते. अकरांपैकी दहा पाने पै-पैशी जुळली. दोघांनाही विलक्षण आनंद झाला. अकरावे पान जुळेना. फरक आला ३५.७५.

पावणेछत्तीस. चिठ्ठीतलाच आकडा.

मी बराच वेळ गप्प बसलो. वडिलांनी सत्तरएक वर्षांपूर्वी पेन्सिलीने जे काढले तेच यंत्राने काढले होते. पुतणीला चिठ्ठीविषयी ठाऊक नव्हते, तिने सहज विचारले, “पणजोबांची चूक असेल का?” मी उत्तर दिले नाही.

दोन दिवसांनी त्या दहा चिन्हांची यादी पुन्हा समोर घेतली तेव्हा शेवटच्या दोघांकडे लक्ष गेले. पहिल्या वाचनात मी त्यांना महत्त्व दिले नव्हते. एक रुपयाची खूण. संकेतप्रणालीने तिला चलनचिन्हांत धरले आहे. दुसरी परिमाणाची खूण, वजने आणि मापे दाखवणारी. मी भिंग घेऊन पान पाहिले. रकमांना जोडून एक छोटी वळणदार रेघ होती. मी तिला लेखणीचा फराटा समजत आलो होतो. आजोबांचे अक्षर फराट्याचेच होते. सव्वातीनाशी असलेली रेघ मात्र निराळी होती. तिचे वळण दुसऱ्या दिशेला जात होते. संपूर्ण पानावर ती एकदाच आली होती, कारण बाकीच्या साऱ्या नोंदी रोख रकमेच्या होत्या.

ते सव्वातीन रुपये नव्हतेच. सव्वातीन खंडी धान होते, ज्येष्ठात पेरणीसाठी दिलेले. वहीच्या आरंभी एका पानावर महिनावार भाव टिपलेले सापडले: ज्येष्ठ, धान, खंडीस बारा रुपये. बारा त्रिक छत्तीस आणि बाराचा पाव तीन. एकोणचाळीस. आजोबांची बेरीज बरोबर होती.

वडिलांची चूक समजण्यासारखी आहे. त्यांना पाव-आणे उत्तम येत होते, मोडी जुजबी येत होती. त्यांनी रेघा बरोबर वाचल्या. वस्तू चुकीची धरली. पुढे ते ज्या गावात आले त्या गावाने तर हा प्रश्नच मिटवून टाकला होता. भिलाईच्या कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मधला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. म्हणजे हे नगर वसले ते दशांशातच. आराखडे मिलिमीटरमध्ये, भट्टीचे उत्पादन टनांत, पगार रुपये-पैशांत. आमच्या लहानपणी शेजारच्या वृद्ध छत्तीसगढी बाया अजून काठा आणि खांडीने धान मोजत (वीस काठ्यांची खांडी, आणि आजोबांच्या वहीत वीस कुडवांची खंडी, शब्द एकच), पण वडील त्यांनाही किलो किती झाले ते सांगत. दशांशचिन्हावर त्यांची भक्ती होती. त्याला माल कोणता ते विचारावे लागत नाही, असे ते म्हणत. आता वाटते, हे वाक्य त्या पानावरून आले असावे. आणि वस्तुतः दशांशचिन्हही माल सांगत नाही, ३५.७५ पाहून आमच्या संगणकाने काय केले ते मी वर सांगितलेच आहे.

रूडकीच्या प्रणालीविषयी मला आस्था आहे, म्हणूनच हे लिहितो. अक्षर चुकले तर शब्द विचित्र दिसतो आणि वाचणारा थबकतो. आकड्याशी असलेली खूण चुकली तर समोर नीटनेटका, शंका येऊ न देणारा, चुकीचा हिशेब उभा राहतो. दप्तरखान्यांतील मोडी रुमालांत पत्रे आहेत तशी जमाखर्चाची, साऱ्याची, कोठारांची पानेही अगणित आहेत. या भागातही, रतनपूरला बिंबाजी भोसल्यांचा अंमल बसला तेव्हापासून, मोडीत कारभार झालेला आहे. ती पाने वाचवायची तर शिकवण्याच्या नमुन्यांत रुपयाची आणि परिमाणाची खूण वेगवेगळी नोंदवलेली हवी. आज संगणकाला त्या खुणा ठाऊक आहेत. त्या ओळखून टिपणारा माणूस मात्र आधी लागेल, आणि मोडीचे शालेय शिक्षण घेतलेली पिढी आता थोडी उरली आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी पानांची छायाचित्रे काढताना भावांचे पान, मापांचे पान, मुखपृष्ठाच्या आतील टिपणे वगळू नयेत. माझ्या बाबतीत सारे उत्तर त्या ‘निरुपयोगी’ पानावर होते.

मी येथे थांबलो असतो तर आजोबांची निर्दोष मुक्तता झाली असती. परंतु भावांचे पान हाती आल्यावर ते पुढेही वाचणे भाग होते. मार्गशीर्ष, धान, खंडीस साडेनऊ. कुळाने कर्ज धान्यानेच फेडले होते, आणि ते मार्गशीर्षाच्या भावाने जमा धरले होते. ज्येष्ठात बाराने दिलेले सव्वातीन खंडी फेडायला त्याला मार्गशीर्षात चार खंडी आणि दोन कुडवांहून किंचित अधिक धान द्यावे लागले. वर व्याज निराळे. बेरीज चोख. व्यवहार त्या काळच्या रिवाजाला धरून. तरीही वडिलांनी पानावर जे हेरले होते ते सर्वस्वी भ्रम होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी चुकीच्या आकड्यावर बोट ठेवले होते.

आता तक्त्यात प्रत्येक नोंदीसाठी तीन रकाने आहेत: चिन्हे जशी आहेत तशी, त्यांचे मूल्य, आणि एकक. दोन्ही भाव पुतणीने शेऱ्यात नोंदवले. काही फोनवर ती चिन्हे अजून रिकाम्या चौकटी होऊन दिसतात. योग्य टंक बसवला की उमटतात. मोडीसाठी आणि कीलाकारासाठीही ‘नोटो’ मालिकेतील टंक विनामूल्य मिळतात.

वडिलांची चिठ्ठी मी पुन्हा त्याच पानात ठेवली. पुतणीने तिच्यासाठीही तक्त्यात एक ओळ केली, कारण वहीत जे आहे ते सारे उतरवायचे असा आमचा नियम आहे. ३५॥। हा आकडा तिने भरला आणि एककाच्या रकान्याशी थांबली. “काका, इथे काय लिहू?”

रुपये लिही, असे मी सांगितले.